सहावा चमचा

बाबांनी व्हॅनचं बॉनेट उघडून त्याला टेकू दिला, चालकाच्या जागेवर जाऊन बसले आणि खिडकीतून हाक मारली, "हूंबाई, जरा बाहेर ये. पंखा बघायचाय."

हूंबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. वाचत असताना कुणी काहीही विचारलं तरी ती मान वर न करता "हूं" म्हणायची. घराला आग लागली तर ही "हूं" म्हणेल आणि पान उलटेल, असं आत्या सांगत सुटायची. बाबांनी ती सात वर्षांची असताना हे नाव चिकटवलं, आणि आता ती छत्तीस वर्षांची झाली, लोकांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासून त्यातल्या चुका वेचायचं काम करू लागली, तरी नाव सुटलं नव्हतं. दूधवालासुद्धा त्याच नावाने विचारायचा.

ती बाहेर आली ती ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून, हातात मुद्रितांचा गठ्ठा आणि दातात लाल पेन धरून.

"रेडिएटरमागचा पंखा दिसतोय ना? उद्या चढाचा रस्ता आहे. मी गाडी सुरू करतो, तो फिरतोय का तेवढं सांग."

व्हॅन बाबांहून थोडीच धाकटी वाटायची. ती खोकली, शिंकली आणि एकदाची धडधडू लागली. बाबा शाळांच्या शिवणवर्गांतल्या शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. सगळं सामान मागे टाकून याच गाडीतून गावोगाव हिंडायचे.

"फिरतोय का?"

तिच्या हातातल्या पानावर सातव्या ओळीत एक वेलांटी चुकली होती. "हूं."

"जोरात?"

"हूं. जोरात."

"वारा लागतोय?"

"लागतोय की."

"केस उडतायत का?"

आठव्या ओळीत तोच शब्द पुन्हा होता आणि तिथे वेलांटी बरोबर होती. आता लेखकाला यातली कुठली हवी होती? "हूं, उडतायत," ती म्हणाली.

मग बाबा हसायला लागले. असे हसले की शेवटी स्टेअरिंगवर डोकं टेकून खोकत बसले. "वा! मग चिंताच मिटली," ते म्हणाले. "असा पंखा साऱ्या जगात नसेल." ती तोवर पेनाने खूण करत घरात शिरलीसुद्धा होती.

तो शेवटचा साधा दिवस. त्या दिवशी याहून विशेष काही घडलं नाही. डब्याच्या बुडाला पुन्हा काळं लागलंय, गॅस मोठा ठेवून डबा कोण शेकवतं, यावरून आत्याने तिला फैलावर घेतलं. बाबा वर्तमानपत्र चेहऱ्यावर घेऊन खुर्चीतच झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चढ संपतो तिथे रस्त्याच्या कडेला, लोकांना ते व्हॅनच्या पायरीवर बसलेले सापडले. पाठ दाराला टेकलेली होती. बॉनेट उघडं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, घरात अंथरुणात असते तरी हेच झालं असतं. आत्याने ते ऐकलं, आल्यागेल्याने ऐकलं. हूंबाईने मात्र पंचनाम्याच्या कागदावरचं एकच वाक्य वाचलं: बॉनेट उघडं होतं. बॉनेट उघडावं लागतं ते इंजिन तापल्यावर. इंजिन तापतं ते पंखा फिरत नसला की. आणि पंखा फिरतोय, जोरात फिरतोय, केस उडतायत, असं आदल्या दिवशी सांगितलं होतं तिने. म्हणजे सत्तरीचा माणूस भर उन्हात पाण्याचा कॅन उचलायला उतरला तो तिच्या "हूं"वर विसंबून. चुका शोधणं तिचं कामच होतं. हा परिच्छेद तिने शंभरदा तपासला. एकही चूक सापडेना. आणि कुणाला दाखवायची हिंमतही होईना.

अडीच महिने व्हॅन दारात उभी राहिली. अडीच महिने आत्या एक चमचा शोधत राहिली.

"सहा होते," आत्या म्हणायची. "दांड्यावर वेल कोरलेले. पाचच उरलेत. तू पुस्तकात खूण म्हणून घातलास ना? खरं सांग."

"आत्या, चमचा घालून पुस्तक मिटेल तरी का?"

"तुझी पुस्तकं केवढाली असतात. त्यात पळी मावेल."

अखेर एका सकाळी हूंबाईने गाडीची किल्ली घेतली, बॉनेट उघडलं आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला फोन केला. हा माणूस इतका सावकाश होता की बाबांनी त्याचं नाव घाई ठेवलं होतं. ते त्याच्या गॅरेजच्या पाटीवर नव्हतं इतकंच. आजूबाजूची पोरंटोरंही त्याला घाईकाका म्हणत.

घाई तासाभराने आला. आत्या दारातच होती.

"आलास? मला वाटलं दिवाळखोर होऊन दुसऱ्या गावी गेलास."

"निघालोच होतो आत्याबाई. चप्पल सापडत नव्हती."

"एकच पाऊल टाकायचं तर एकच चप्पल पुरली असती."

घाईने व्हॅनच्या पत्र्यावर हात ठेवला, काही वेळ तसाच उभा राहिला. मग हूंबाईला म्हणाला, "विकायचीय का?"

"नाही. पंखा बिघडलाय का ते बघायचंय." मग तिने पुढचं जोडलं, "आणि बिघडला असेल तर कधीपासून."

"पहिलं सांगता येईल. दुसरं अवघड आहे."

"मला दुसरंच हवंय."

घाईने तिच्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. सावकाश माणसांचा हा एक फायदा असतो. त्याने बॅटरी आणली होती ती जोडली, रेडिएटरला पाणी आहे याची खात्री केली आणि गाडी सुरू केली. व्हॅन खोकली, शिंकली, धडधडली. या वेळी तिच्या हातात कागद नव्हता. ती बॉनेटपुढे उभी राहून डोळ्यांत तेल घालून बघत होती. इंजिनाच्या आणि रेडिएटरच्या मधे, काळ्या गोल चौकटीत पंख्याची पाती स्तब्ध होती.

"बघा," ती म्हणाली. "फिरत नाहीये."

"फिरणार कसा?" घाई खाली उतरत म्हणाला. "आत्ता तर सुरू केली. इंजिन थंडगार आहे. पाणी चांगलं तापलं की तो उठतो, तोवर नाही. दादांसारखंच. चहा गरम झाल्याशिवाय हलायचे नाहीत." बाबांना तो दादा म्हणायचा.

"म्हणजे सुरू केल्या केल्या फिरतच नाही?"

"नाही."

"कधीच? चांगला असला तरी?"

"चांगला असला तर मुळीच नाही. विजेचा पंखा आहे, अक्कल आहे त्याला."

"आणि समजा," तिने बंपरवर हात टेकला, "कुणी समोर उभं राहून म्हणालं, फिरतोय. सुरू केल्या केल्या."

"तर त्याने बघितलं नसणार," घाई म्हणाला.

"आणि... ज्याने विचारलं त्याला हे माहीत असेल?"

"गाडी कुणाची त्यावर आहे. दादांसारखा माणूस असेल तर झोपेतही माहीत असेल."

वारा लागतोय? लागतोय की. केस उडतायत का? अडीच महिने तिला वाटत होतं की बाबा हसले ते निश्चिंत होऊन. लबाड माणूस! थंड इंजिनावर पंखा तपासायला तिला मुद्दाम उभी केली, एकेक पायरी वर चढवत नेली, आणि ती टॉवेलसकट चढत गेली. तिच्या ओठांना हसू फुटू लागलं, पण अर्ध्यातच थांबलं. चेष्टा होती हे खरं. पण दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडं होतं, हेही खरंच होतं.

दहा-बारा मिनिटांत इंजिन तापलं. काटा मधोमध आला, मधली खूण ओलांडून वर सरकला. पंखा ढिम्म.

"आता फिरायला हवा होता," घाई म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं. "आता बिघडलाय म्हणू या."

"म्हणजे बिघडलाच," ती म्हणाली.

"आधी फ्यूज." घाई चालकाच्या गुडघ्याशी असलेली पेटी उघडून आत डोकावला आणि तसाच वाकलेला राहिला. "हूंबाई, हे वाचा जरा. तुमचं काम आहे."

पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवला होता. बाबांचं गिचमिड अक्षर. कुठल्या फ्यूजवर काय चालतं याची यादी असायला हवी होती, आणि यादीच होती. पण तिथे दिवा, हॉर्न असलं काही नव्हतं. तिथे लिहिलं होतं: ताई. शेजारी. घाई. हूंबाई. मी.

"ताई?" आत्या पुढे सरसावली. बाबा तिला ताई म्हणायचे. "माझं काय काम तिथे?"

घाईने "ताई" लिहिलेला फ्यूज उपटला आणि हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही.

"मी? मी हॉर्न?" आत्या अशा काही आवाजात म्हणाली की समोरच्या घराची खिडकी उघडली. घाईने निमूटपणे फ्यूज परत बसवला. उत्तर द्यायची गरजच नव्हती.

"शेजारी" काढल्यावर पुढचे मोठे दिवे गेले. ते लोकांच्या घरात डोकावतात म्हणून असणार. "हूंबाई" निघाली तो छतातला छोटासा वाचायचा दिवा विझला. "घाई" म्हणजे वळण्याचा इशारा देणारा दिवा.

"हा का बरं मी?" घाई खट्टू झाला.

"आत्ता आहे, आत्ता नाही, आत्ता आहे, आत्ता नाही," आत्या म्हणाली. तिचा राग जरा उतरला होता. "माणसं ओळखायचा माझा भाऊ."

राहिला एकच.

"मी म्हणजे कोण?" घाईने विचारलं.

"मी नाही," आत्या म्हणाली. "मी हॉर्न."

"अहो, मी म्हणजे दादा. लिहिणारा तो मी."

"तापल्यावर उठणारा," हूंबाई म्हणाली.

घाईने चिमट्याने तो फ्यूज ओढून काढला आणि उजेडात धरला. आतली बारीक तार तुटून काळी पडली होती.

"मी गेलाय," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर घाईलाही ते ऐकू आलं असावं. तो फ्यूज हातात तसाच धरून खाली बघू लागला. शेवटी आत्यानेच पदराने नाक पुसलं. "सरळ पंख्याचा फ्यूज म्हण की मेल्या."

"पंख्याचा फ्यूज गेलाय आत्याबाई."

"कधी गेला असेल?" हूंबाईने विचारलं.

"ते फ्यूज सांगत नाही. पण तो आपणहून जात नाही. पुढे कुणीतरी अडून बसलेलं असतं, त्याचा ताण याच्यावर येतो. याचा स्वतःचा दोष नसतो."

त्याने नवा फ्यूज बसवला. मग रेडिएटरच्या खालच्या अंगाला, पाणी तापलं की पंख्याला उठवणारं बटण असतं, त्याच्या दोन वायरी सोडवून तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडल्या. असं केलं की बटणाला न विचारता पंख्याला थेट वीज मिळते. पंखा गुरगुरला, जागच्या जागी थरथरला, आणि पेटीतून फट् असा आवाज आला.

"दुसराही गेला," घाई म्हणाला.

"त्याला कधी एकदा सांगून कळलंय?" आत्या म्हणाली.

"म्हणजे मोटर जिवंत आहे. गुरगुरली की नाही? वीजही पोचतेय. फक्त फिरता येत नाहीये. खाली काहीतरी अडकलंय." त्याने बॅटरीची वायर सोडवली, हात आत घातला आणि पातं ढकलून पाहिलं. पातं हललं नाही. "दिसत नाही. ही जाळी काढावी लागेल."

पंख्याच्या वर, इंजिनाच्या अंगाला एक तारेची जाळी बांधलेली होती. तिच्यावर गोल डाग पडला होता, काळा, ताटलीएवढा. हूंबाईने असा भाग कुठल्याच गाडीत पाहिला नव्हता.

"ही कशाची जाळी?"

"ही... असते," घाई म्हणाला.

"काय असते?" आत्याने मान पुढे काढली. तिची नजर त्या गोल डागावर खिळली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर असा भाव आला की घाई दोन पावलं मागे सरला.

"गेलेल्या माणसाची चहाडी कशाला करू, आत्याबाई."

"कर."

"डबा ठेवायचे दादा. इंजिनावर गरम व्हायचा. एक वाजला की गाडी कडेला लावायची, बॉनेट उघडायचं, वाफाळता डबा काढायचा आणि तिथेच उभ्याने जेवायचं. रेडिएटरवर डब्याचं झाकण ठेवायचं, त्यात लोणचं. जाळी मीच करून दिली. अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं!" आत्याचा फ्यूज मात्र अजिबात गेलेला नव्हता. "अकरा वर्षं मी त्या डब्याचं बूड राखेने घासतेय! आणि मला सांगायचा, शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत बसून, पानबिन मांडून जेवतो म्हणून! आणि मी या पोरीला बोल लावतेय!" ती हूंबाईकडे वळली. "तू तरी सांगायचंस, डबा मी जाळला नाही म्हणून!"

"सांगितलं होतं. रोज."

"मग नीट सांगायचंस!"

पण हूंबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. "रोज उघडायचे बॉनेट?" तिने घाईला विचारलं. "रोज एक वाजता?"

"रोज."

"त्या दिवशीही?"

घाईने जाळी हळूच खाली ठेवली. "गाडी आणायला मीच गेलो होतो ना. डबा पायरीवर त्यांच्या शेजारीच होता, रिकामा, झाकण घट्ट लावलेलं. जेवून मग टेकले होते. पाण्याचा कॅन मागे भरलेला तसाच होता. पाणी घालायची वेळच आली नव्हती. मी तुम्हाला सांगायला आलो होतो तेव्हा."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही वाचत होता."

ती वाचत होती हे खरं. त्या आठवड्यात चार दिवस तिने एकच पान वाचलं होतं.

घाईने टॉर्च पेटवला, लांब दांड्याचा चिमटा आत घातला आणि जीभ दातात धरून बराच वेळ खुडबुड केली. काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. मग पात्याच्या आणि चौकटीच्या फटीतून त्याने एक वस्तू ओढून काढली, शर्टाला पुसली आणि आत्यापुढे धरली. ती वाकडी झाली होती, पण दांड्यावरची वेल स्पष्ट दिसत होती.

"सहावा," आत्या म्हणाली. एवढंच. एरवी इतक्या हळू आवाजात ती कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"जेवून झाल्यावर जाळीवर ठेवला असणार," घाई म्हणाला, "तो घसरून खाली पडला. पंखा फिरत असताना पडता तर पात्याचे तुकडे झाले असते. पात्याला साधा ओरखडाही नाही. म्हणजे बंद पंख्यात पडलाय, गाडी थांबलेली असताना. संध्याकाळी मी गाडी चालवत आणली. इंजिन तापलं, पंखा उठायला गेला, चमच्यात अडला, आणि फ्यूज गेला. घराजवळ काटा चढायला लागला होता तो त्यामुळे." त्याने हात पुसले आणि पहिल्यांदाच थोड्या घाईने म्हणाला, "तुम्ही दुसरं विचारलं होतंत ना, कधीपासून? हे त्याचं उत्तर. त्या दिवशी चढ चढून जेवण होईपर्यंत पंखा ठणठणीत होता."

हूंबाईने मान हलवली. अडीच महिने ज्या परिच्छेदात तिला चूक सापडत नव्हती, त्याचं पहिलंच वाक्य चुकलं होतं. बॉनेट जेवायला उघडलं होतं. तिने चमचा हातात घेतला. तो तिच्या तळहातावर डुगडुगत राहिला.

तरीही एक गोष्ट उरलीच होती. पंखा निर्दोष सुटला. तिची "हूं" कुठे सुटली होती?

"आता शेवटचं," घाई म्हणाला. त्याने बटणाच्या वायरी जागच्या जागी लावल्या, बॅटरी जोडली आणि तिसरा फ्यूज बसवला. "‘मी’ बसवला. आता कुणीही मधे न पडता तो आपणहून उठतो का बघायचं. मी खाली वाकून पाणी गळतंय का बघतो. गाडीत कुणीतरी बसा, काट्यावर लक्ष ठेवायला."

"मी बसते," आत्या म्हणाली. "हॉर्न आहे ना मी? मग हॉर्नपाशीच बरी." साडी सावरत ती चालकाच्या जागेवर चढून बसली आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग असं धरलं की जणू गाडी आत्ता पळून जाणार.

हूंबाई बॉनेटपुढे उभी राहिली. सकाळीच न्हालेली होती, केस मोकळे होते. तिने पात्यांवर नजर रोवली. इंजिन धडधडत होतं. एक मिनिट गेलं, तीन गेली, सहा गेली. आत्या दर मिनिटाला काटा कुठे आला ते ओरडून सांगत होती, आणि गाडीखालून घाई "दिसतंय, दिसतंय" म्हणत होता, जरी तिथून काटा दिसणं शक्य नव्हतं.

मग कुठेतरी टक् झालं. एक पातं हललं. दुसरं त्याच्यामागून आलं, आणि पाहता पाहता पाती दिसेनाशी होऊन तिथे नुसतं एक धूसर वर्तुळ राहिलं. गरम वारा इंजिनावर आपटून उसळला आणि तिच्या तोंडावर आला. त्याला तेलाचा वास होता, आणि बाबांच्या शर्टाला संध्याकाळी असायचा तोच वास होता. तिचे केस कपाळावरून मागे फेकले गेले.

"फिरतोय का गं?" आत्याने खिडकीतून विचारलं.

"फिरतोय!"

"नीट बघून सांग! नाहीतर म्हणशील हूं!"

ती नीट बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. पंख्याचा आवाज मोठा होता. तिच्या तोंडून शब्द निघाले ते तिलाच ऐकू आले नाहीत.

"काय म्हणतेस?" आत्या ओरडली. "मोठ्याने बोल!"

हूंबाईने छातीत श्वास भरून घेतला आणि आत्यालाही लाजवेल अशा आवाजात, समोरच्या वर्तुळाकडे बघत म्हणाली, "बाबा, मी बघितलंच नव्हतं! न बघताच हो म्हटलं! केससुद्धा उडत नव्हते, डोक्याला टॉवेल होता!"